पुन्हा न मांडलेला पट

पट रिकामा

कारखानीसनं डबीतून दोन्ही राजे काढले, तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात नीट पाहिले आणि त्यातला एक बोटानं माझ्याकडे सरकवला.

“हा तुमचा.”

शोगीतले, म्हणजे जपानी बुद्धिबळातले, दोन राजे दिसायला सारखेच. फक्त एकावरच्या अक्षरात एक टिंब जास्त असतं. बिनटिंबाचा राजा मोठ्या खेळाडूनं घ्यायचा, टिंबाचा धाकट्यानं. त्यानं मला बिनटिंबाचा दिला होता.

“नको,” मी म्हणाले. “साहेब तुम्ही. अख्खा कारखाना आहे तुमच्या हाताखाली.”

“तो तिकडे. इथं तुम्ही शिकवता.”

“घ्या हो मोहरीरबाई,” मागून लोंढेकाका म्हणाले. “कुणी हातानं राजा देतंय तर नाही म्हणू नये. आमच्या छापखान्यात मालकानं चाळीस वर्षांत साधी खुर्ची दिली नाही मला.”

सगळे हसले. कारखानीसही हसला. मी राजा घेतला आणि पटाच्या शेवटच्या ओळीत मधोमध ठेवला, जरा जोरातच.

एरंडवण्यातल्या एका वाचनालयाची ही वरची खोली. दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही सात-आठ जण इथं शोगी खेळायचो. जपानी शिकणारे दोघं-तिघं, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं, आणि लोंढेकाका, ज्यांना जपानीचं एक अक्षर येत नव्हतं पण आयुष्यभर खिळे जुळवल्यामुळे उलटी अक्षरं कुणाहीपेक्षा आधी ओळखता यायची. वर्ष दोन हजार सात. शिरीष कारखानीसला मी अकरा वर्षांनी पाहत होते. त्यानं लोंढेकाकांना फोन करून विचारलं होतं, मी येऊ का. काकांनी मला विचारलं. मी म्हणाले, येऊ द्या की.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती.

आपल्या बुद्धिबळात मात झाली की झाली, कुणी काही बोललं नाही तरी चालतं. शोगीत तसं नसतं. तिथं हरणाऱ्यानं उजवा हात पटाशेजारच्या, मारलेल्या सोंगट्या ठेवायच्या आपल्या छोट्या पाटावर ठेवायचा, मान खाली करायची आणि स्वतःच्या तोंडानं, समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं: मी हरलो. तो म्हणेपर्यंत डाव संपत नाही. हा शब्द मला त्याच्या तोंडून ऐकायचा होता. मोठ्यानं. लोकांसमोर.

पट भरलेला

लोंढेकाकांनी माझी पाच प्यादी ओंजळीत खुळखुळवून जमिनीवर टाकली. तीन उलटी पडली. म्हणजे पहिली चाल त्याची.

“करा सुरू, साहेब,” मी म्हणाले.

“साहेब म्हणू नका हो.”

“मग काय म्हणू?”

त्यानं हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. कुदोसान शिकवायचे तशीच सुरुवात. मीही तशीच केली. आम्ही दोघं एकाच माणसाकडून शिकलो होतो.

इथं डाव थांबवते. कुदोसान कोण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पटाआधी

एकोणीसशे पंच्याण्णवमध्ये पुण्याच्या आमच्या कंपनीनं दोन जणांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी जपानला पाठवलं. एक मी, दुसरा कारखानीस. नागोयाजवळचा कारखाना, पत्र्याचे भाग छापणारी मोठाली यंत्रं. वर्ष संपल्यावर दोघांतल्या एकाला तिथंच ठेवून घेणार, हे दोघांनाही माहीत होतं. तरी आमची मैत्री चांगली होती. तो मला ‘मोहरीर’ म्हणायचा, मी त्याला ‘कारखान्या’.

कुदोसान आमच्या विभागातले जुने कामगार. वय अठ्ठावन्न. जेवणाच्या सुट्टीत डबा संपवून ते घडीचा पट उघडायचे आणि आम्हाला शिकवायचे. दोन्ही बाजूंच्या सोंगट्यांचा रंग एकच. लाकडाच्या पाचकोनी चपट्या सोंगट्या. टोक जिकडे, तिकडे तिचा शत्रू. समोरच्याची सोंगटी मारली की ती मरत नाही. ती आपल्या हातात येते, आणि आपल्या चालीला आपण ती कुठल्याही रिकाम्या घरात आपली म्हणून उतरवू शकतो, टोक फिरवून. काल तुमच्यासाठी लढणारा घोडा आज तुमच्याच राजासमोर उभा.

“म्हणजे इथं निष्ठा वगैरे काही नाही,” कारखानीस म्हणाला होता.

“निष्ठा आहे,” कुदोसान म्हणाले. “ज्याच्या हातात, त्याच्याशी.”

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कारखानीसचं यंत्र मागं पडत होतं. दुसऱ्या दिवशी मोठी तपासणी. त्या यंत्रांपुढे प्रकाशाचा अदृश्य पडदा असतो. हात आत गेला की यंत्र जागच्या जागी थांबतं. थांबलं की पुन्हा सुरू करायला मिनिट जातं. कारखानीसनं तो पडदा बंद ठेवायच्या कळीवर चिकटपट्टी लावली. मी ते पाहिलं नव्हतं. दुपारी तो घाईत आला.

“मोहरीर, माझ्या यंत्राच्या तपासणीच्या तक्त्यावर सही ठोक ना. मी भाग आणायला चाललोय.”

मी ठोकली. आम्ही पुण्यातही एकमेकांच्या सह्या करायचो. हजेरीच्या, गेटच्या, कँटीनच्या. त्यात काय?

अर्ध्या तासानं त्या यंत्रावर कुदोसान मदतीला गेले आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

त्या कारखान्यात सकाळी सगळे रांगेत उभे राहायचे. ज्याच्याकडून चूक झाली असेल त्यानं आपणहून एक पाऊल पुढे यायचं, वाकायचं आणि सांगायचं. कुणी कुणाचं नाव घेत नसे. शुक्रवारी विभागप्रमुखांनी चिकटपट्टीचा तुकडा चिमटीत धरून वर केला. ही कुणी लावली?

चाळीस माणसं. कुणी हललं नाही. कारखानीस माझ्या शेजारी उभा होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मला कळलं. तेव्हाच कळलं. मी वाट पाहिली, तो आता पाऊल टाकेल, आता टाकेल. मग विभागप्रमुखांनी तक्ता वाचला. सही माझी.

मी बोलू शकले असते. सही माझी, यंत्र त्याचं. एवढं जपानी येत होतं मला. पण मी अजून त्याचीच वाट पाहत होते.

आठ दिवसांनी मला विमानात बसवलं. पुण्याच्या कंपनीनं राजीनामा लिहून घेतला. जपानला जाताना बाबांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मी परतल्यावर त्यांनी सकाळी फिरायला जायचा रस्ता बदलला आणि मरेपर्यंत त्या जुन्या रस्त्यानं गेले नाहीत. कारखानीस तिकडे अकरा वर्षं राहिला आणि इथल्या नव्या कारखान्याचा मुख्य होऊन परत आला.

त्या अकरा वर्षांत मी जपानीच्या शिकवण्या घेतल्या आणि शोगी खेळले. पुस्तकं मागवली, इंटरनेटवर अनोळखी लोकांशी हजारो डाव खेळले. समोर कुणीही असो, मी एकाच माणसाचा राजा मारत होते.

हातात

चोविसाव्या चालीला त्याचा उंट माझ्या हातात आला. तिसाव्याला एक चांदीचा सरदार. तो बरा खेळत होता, पण त्याचं बरं खेळणं सुट्टीतलं होतं. माझं तसं नव्हतं.

“साहेबांचा सराव सुटलेला दिसतोय,” मी म्हणाले.

“तिकडे वेळ मिळायचा नाही.”

“हो ना. फार काम असेल. एकट्यालाच दोघांचं करायचं म्हणजे.”

त्यानं वर पाहिलं. पुन्हा पटाकडे.

साठाव्या चालीच्या आसपास त्याच्या राजाभोवतीचं कडं फुटलं. मला पाच चालींत मात दिसत होती. मी ती केली नाही. मी कोपऱ्यातला त्याचा भाला मारला.

लोंढेकाका खुर्ची ओढून जवळ आले. “बाई, राजा उघडा पडलाय त्यांचा.”

“दिसतोय.”

“मग?”

“मग काही नाही. बघा तुम्ही.”

मात दिसत असताना ती न करता समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या एक-एक करून काढून घेणं, हे शोगीत फार वाईट मानतात. मारायचं तर मारा, सोलू नका. आणि दुसऱ्या बाजूनं, डाव गेलाय हे कळल्यावर ताणत न बसता वेळेवर हरलो म्हणणं, हाही तिथला रिवाज. म्हणजे त्या सकाळी आम्ही दोघंही असभ्य वागत होतो. मी सोलत होते आणि तो हरलो म्हणत नव्हता.

मला वाटलं, हाच तो. तोच शुक्रवार. चाळीस माणसं उभी आहेत, पट्टी वर धरली आहे आणि हा माणूस गप्प आहे. ठीक. किती वेळ गप्प बसतोस ते बघते.

घोडा. दुसरा घोडा. सोन्याचा सरदार. प्यादं, प्यादं, प्यादं.

बाकीचे पट थांबले. बँकवाल्या देशिंगकरबाई आपला डाव सोडून येऊन उभ्या राहिल्या.

“अगं रेवती, संपव ना आता,” त्या हळूच म्हणाल्या. “बघवत नाही.”

“त्यांना संपवायचं असेल तर एक शब्द पुरे आहे. त्यांनाच सांगा.”

कारखानीसनं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. “तुमची चाल आहे,” एवढंच म्हणाला.

“चहा घेणार? का हात मोकळे नाहीत?”

“हात मोकळेच आहेत माझे. बघा ना.” त्यानं आपल्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवलं. त्यावर एक सोंगटी नव्हती. माझ्या पाटावर मावत नव्हत्या. काही मी जमिनीवर काढून ठेवल्या होत्या.

शेवटी पटावर त्याचा फक्त राजा उरला. टिंबाचा. अंगावर वस्त्र नसलेला माणूस गर्दीतून निघाल्यासारखा तो राजा एकेक घर चालत पटाच्या मध्यावर आला. साडेबारा वाजले होते. मी एक प्यादं घेतलं आणि बरोब्बर त्याच्या पुढ्यात आपटलं. लाकडावर लाकूड वाजलं तसे देशिंगकरबाई दचकल्या. राजा बाजूला झाला. मी सोन्याचा सरदार उतरवला.

आता कुठंच जागा नव्हती.

त्यानं मांडी मोडली आणि गुडघे टेकून नीट बसला. उजवा हात रिकाम्या पाटावर ठेवला आणि मान इतकी खाली नेली की मला त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. आधी जपानीत म्हणाला. मग, बहुधा सगळ्यांना कळावं म्हणून, मराठीत.

“मी हरलो.”

पट विस्कटलेला

ज्याची अकरा वर्षं वाट पाहिली तो शब्द असा खोलीत पडला. लोंढेकाकांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. मीही वाकले. वाकायचं असतं. मान वर करताना नजर पटावरून गेली.

“मांडूया?” कारखानीस म्हणाला.

शोगीचा आणखी एक रिवाज आहे. डाव संपला की दोघांनी मिळून तो पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. चाल चाल करत. इथं मी हे केलं, तू ते करायला हवं होतंस, इथं मी घाबरलो होतो, तुला कळलं का? जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला दाखवायचं, हरणाऱ्यानं विचारायचं. कधी कधी डावापेक्षा याला जास्त वेळ लागतो. कुदोसान म्हणायचे, जेवण म्हणजे हे, डाव नुसता स्वयंपाक.

“मांडूया ना,” तो पुन्हा म्हणाला. आवाज खाली आला होता. “मला त्यात जरा बोलायचंय. नुसतं समोरासमोर बसून नाही जमायचं मला. तीनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलोय. हातात सोंगट्या असल्या तर जमेल.”

“कशाबद्दल?”

“पट्टीबद्दल.”

लोंढेकाकांना पट्टी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं.

“यांच्यासमोर बोलेन,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. म्हणूनच रविवारी आलो. आणि आधी डाव सोडला असता, पण मला दिसत होतं की तुम्हाला सगळं घ्यायचंय. म्हटलं, घेऊ द्यावं. तेवढं तरी.” त्यानं हात पुढे केला, पहिल्या जागी ठेवण्यासाठी आपला राजा उचलायला. “चला, पहिल्या चालीपासून...”

मी कोपरापासूनचा हात पटावरून फिरवला. एका बाजूनं दुसरीकडे. सगळ्या सोंगट्या सतरंजीवर उडाल्या, काही कपाटाखाली गेल्या.

“मला वेळ नाही,” मी म्हणाले.

“मोहरीर...”

“मला नकोय ऐकायला. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून मी इथं बसायचं? ठेवा तुमच्यापाशीच. अकरा वर्षं ठेवलंत, अजून ठेवा.”

तो गुडघ्यांवरच वाकून सोंगट्या गोळा करू लागला. कपाटाखाली हात घालून दोन प्यादी काढली, फुंकर मारली, डबीत टाकली. चाळीसच्या चाळीस भरल्यावर झाकण लावलं, डबी माझ्यासमोर ठेवली, पुन्हा एकदा वाकला आणि जिना उतरून गेला.

लोंढेकाका माझ्याकडे पाहत राहिले. “बाई, काय झालं असेल तुमच्यात ते देव जाणे. पण तो माणूस कबूल करायला आला होता.”

“म्हणूनच नाही करू दिलं.”

“बापरे,” काका म्हणाले. “याला म्हणतात सूड.”

मी नाही म्हणाले नाही. पुढे ही हकिकत मी बहिणीला सांगितली, मैत्रिणींना सांगितली. सगळ्यांना ती आवडली. एका भाचीनं तर टाळी दिली: “मावशी, त्याला हरलो म्हणायला लावलंस आणि चुकलो म्हणू दिलं नाहीस. कसलं भारी!” मीही तशीच सांगत गेले. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली.

पट, जसा होता तसा

ती तशी नाही.

शोगीत एक नियम आहे, अगदी नवशिक्यांना पहिल्या दिवशी सांगतात तो. एका उभ्या ओळीत आपली दोन साधी प्यादी असता कामा नयेत. हातातलं प्यादं उतरवताना त्या ओळीत आपलं दुसरं नाही ना, हे पाहायचं. दुसरं असेल तर तिथल्या तिथं हार. कितीही पुढे असलात तरी हार. दोन चालींनी समोरच्यानं डाव सोडला तरीही, चूक दिसली की हार तुमचीच.

मान वर करताना मला दिसलं. राजाच्या पुढ्यात मी आपटलेलं प्यादं चौथ्या उभ्या ओळीत होतं. आणि त्याच ओळीत, अगदी माझ्या बाजूला, डाव्या गुडघ्यापाशी, डाव सुरू झाल्यापासून एकदाही न हललेलं माझं दुसरं प्यादं. सगळ्या सोंगट्या एका रंगाच्या, पट माझ्याच सोंगट्यांनी गच्च. कुणालाच दिसलं नव्हतं. हातात एवढं घेऊन बसले होते की स्वतःच्या दारातलं मीच विसरले.

डाव मांडला असता तर शेवटाकडे ती चाल आली असती. तो कुदोसानच्या हाताखालचा, त्याला ती दिसलीच असती. आणि मग त्या खोलीत, लोंढेकाका आणि देशिंगकरबाईंसमोर, सोंगट्यांनी भरलेल्या पाटावर उजवा हात ठेवून मला म्हणावं लागलं असतं. शिरीष कारखानीसला: मी हरले.

तो काय सांगणार होता याचा मी त्या क्षणी विचारही केला नाही. सूड वगैरे नंतर सुचलं. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर.

पट नाही

दोन हजार दहाच्या डिसेंबरात त्याचा फोन आला. बदली झाली होती, चेन्नईला निघाला होता. कुदोसान गेल्याचं त्यानं सांगितलं. शेवटपर्यंत डाव्या हातानं खेळत होते म्हणे.

मग म्हणाला, “आपला तो डाव मांडायचा राहिलाच.”

“हो.”

“फोनवरही मांडता येतो. एकेक चाल सांगत. तुम्हाला आठवतात चाली?”

एकशे बहात्तर चाली. मला त्या आजही क्रमानं येतात, स्वयंपाक करताना, रांगेत उभी असताना, विशेषतः त्या प्याद्याची एकशे सत्तरावी आणि तिच्या जवळपासच्या.

“छे,” मी म्हणाले. “कुठलं आठवतंय आता.”

“मला आठवतात,” तो म्हणाला. “सगळ्या.”

आणि तो थांबला. मी फोन ठेवून दिला.